सुमारे शून्य पॉइंट चार

कार्यालयात तिला दोन नावे होती. समोर ‘मॅडम’ आणि पाठीमागे ‘गाळणीबाई’. दुसरे नाव आपल्या कानावर आलेलेच नाही असे भासवण्याचा शहाणपणा तिने पहिल्यापासून पाळला होता.

नाव पडले ते कामावरून. ही कंपनी लिफ्ट चालवणारे सॉफ्टवेअर तयार करी. प्रोग्रामरने लिहिलेला प्रत्येक तुकडा मुख्य कोडमध्ये जाण्याआधी एका तपासनीस प्रोग्राममधून जाई, आणि त्या प्रोग्रामला सगळे गाळणी म्हणत. गाळणीला काही खुपले की तुकडा परत. ही गाळणी अनेक वर्षे तीच सांभाळत आली होती. त्याआधी ती एका छापखान्यात मुद्रितशोधक होती. छापखाना संगणकावर गेला तशी तीही गेली, आणि तिथून हळूहळू इकडे पोहोचली. चूक एकदा छापून गेली की ती परत बोलावता येत नाही, ही तिथली धास्ती मात्र तिने बरोबर आणली होती. घरी वाण्याची पावतीसुद्धा ती दोनदा वाचे, आणि त्यावरून दीर तिची यथेच्छ टिंगल करी.

गाळणीतला सर्वांत कडक नियम कमेंटांविषयी होता. कमेंट म्हणजे कोडच्या शेजारी माणसाने माणसासाठी लिहिलेली टीप. यंत्र तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. पण प्रोग्रामर नको असलेला जुना कोडही कमेंटमध्ये गुंडाळून तिथेच ठेवून देतात, टाकवत नाही म्हणून माळ्यावर चढवलेल्या मोडक्या खुर्चीसारखा. त्याला ते मेलेला कोड म्हणत. तो पकडण्यासाठी तिने नियम केला होता: कमेंटमध्ये बरोबरचे चिन्ह किंवा कोडमध्ये असतात तसले कंस दिसले की तुकडा अडवायचा. नियम कामाचा होता, पण स्वभावाने संशयी होता. ‘ब्रेकची फट = ०.४ मि.मी.’ या सरळ वाक्यातही त्याला कोड दिसे. असे खोटे आळ आले की प्रोग्रामर तणतणत तिच्या टेबलाशी येत. ते आळ कसे टाळावेत, हे काम गेले काही महिने तिच्याकडे होते आणि पुरे झालेले नव्हते.

त्या सकाळी साहेबांनी तिला काचेच्या खोलीत बोलावले तेव्हा ते भलतेच खुशीत होते. पडद्यावर वर्षभराची एक रेषा होती. डावीकडे उंच, मग उतरत उतरत तळाला टेकलेली.

“खोट्या आळांच्या तक्रारी,” साहेब म्हणाले. “या महिन्यात एकही नाही. मानलं तुम्हाला, मॅडम. काय जादू केलीत?”

“काहीच नाही.”

“विनय पुरे झाला.”

“विनय नाही, साहेब. मी त्या नियमाला अजून हातही लावलेला नाही. दुरुस्ती अर्धवट होऊन माझ्या मशीनवर पडलीय.”

साहेबांनी रेषेकडे पाहिले, मग तिच्याकडे. “मग आपोआप बरं झालं म्हणायचं. दुखणं गेलं, आता औषध कशाला? काम संपलं असं लिहून द्या. मेलेला कोड शून्य, तक्रारी शून्य. ग्राहकांना आपण तसा शब्दच दिलाय.”

“दुखणं गेलं, का रोग्यानं ओरडणं सोडलं, ते आधी बघते.”

“तुम्ही ना, मॅडम, गोड बातमीतसुद्धा खडा शोधाल.”

खडा तिला आधीच लागला होता. नियम तोच, माणसे तीच, लिहिण्याचे कामही तेच. मग वर्षानुवर्षे कपाळाला आठ्या घालून येणारी माणसे एकेक करून गप्प का व्हावीत? कारणाशिवाय सुधारलेल्या गोष्टीवर तिचा छापखान्यातल्या दिवसांपासून विश्वास नव्हता.

ती थेट लांब्याकडे गेली. लांब्या हा तिथला सर्वांत जुना प्रोग्रामर, उंचीने आणि आवाजानेही सर्वांत मोठा. गाळणीशी सर्वांत जास्त भांडलेला तोच. त्याच्या टेबलावर हातभर उंचीची नमुन्याची लिफ्ट होती आणि तिचा डबा दोरीवर मंद झुलत होता.

“काय रे, हल्ली भांडायला येत नाहीस?”

“म्हटलं, तुमचं रक्त किती आटवायचं.”

“खरं काय ते सांग.”

“सांगतो, पण चिडायचं नाही हं.” लांब्याने खुर्ची वळवली. “बरोबरचं चिन्ह दिसलं की तुमची गाळणी मानगूट धरते. ‘सुमारे’ लिहिलं की सोडून देते. फट सुमारे ०.४. झालं! नव्या माणसाला आम्ही पहिल्याच दिवशी शिकवतो. चिन्ह काढ, सुमारे घाल, घरी जा.”

“म्हणजे ती मापं सुमारे नाहीत?”

“छे हो! मापं नेमकीच. सगळ्यांना ठाऊक आहे ते.”

“सगळ्यांना म्हणजे कोणाला?”

“आपल्याला,” लांब्या म्हणाला, आणि तो शब्द उच्चारतानाच त्याचा आवाज खाली आला.

कारण त्या कमेंटा केवळ त्यांच्यापुरत्या नव्हत्या. कोड मुख्य साठ्यात गेला की त्यातल्या मापांच्या ओळी आपोआप वेचल्या जात आणि त्यांचा एक कागद तयार होई. लिफ्ट बसवणारे फिटर तो कागद समोर ठेवून ब्रेक आणि दारे हाताने जुळवत. आणि तिचा दीर फिटर होता.

आठवड्यापूर्वीचे जेवणावरचे बोलणे तिला शब्दन् शब्द आठवले.

“वहिनी, तुमच्या कंपनीला झालंय काय?” दिराने विचारले होते. “पूर्वी कागदावर ठाम आकडा असायचा. आता जिथं बघावं तिथं सुमारे.”

“मग तुम्ही काय करता, भावजी?”

“हात सैल सोडतो. फट थोडी मोठी ठेवली की ब्रेक घासत नाही, तापत नाही, रात्रीबेरात्री कोणी फोन करत नाही.”

“तुमचा हात सैल, आणि जीभ त्याहून सैल,” असे ती तेव्हा म्हणाली होती, आणि सासूबाईंसकट सगळे हसले होते.

“फट मोठी ठेवली तर काय होईल?” तिने आता लांब्याला विचारले.

“ब्रेक पकडायला किती वेळ लागतो, ते आम्ही ०.४ वर धरलंय. फट मोठी, तर पकड उशिरा.” लांब्याने नमुन्याचा डबा बोटाने थांबवला. “आज कळणारसुद्धा नाही. पण ब्रेकच्या पट्ट्या झिजतात, फट आपसूक वाढत जाते. ०.४ पासून सुरुवात केली तर पुढच्या देखभालीपर्यंत हद्दीत राहते. जास्तीपासून सुरुवात केली, तर...”

“तर?”

“डबा मजल्याला थांबणार नाही. खाली सरकून थांबेल. दार मात्र उघडेल.”

आज दीर रुग्णालयातल्या नव्या, स्ट्रेचरच्या लिफ्टवर होता. सकाळी निघताना त्याने निरीक्षकाच्या तपासणीसाठी म्हणून धुतलेला शर्ट घातला होता. तिने फोन लावला. घंटा वाजत राहिली. काम करताना तो फोन हत्यारांच्या पेटीत ठेवी, हे तिला माहीत होते; तिनेच त्याला ती शिस्त लावली होती.

“ती ओळ दुरुस्त कर,” पर्स उचलत ती लांब्याला म्हणाली. “सुमारे काढ, चिन्ह परत घाल.”

“गाळणी अडवेल.”

“अडवू दे. तू सुरुवात कर.”

रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर होते, आणि ती जवळजवळ पळतच गेली. तळमजल्यावर नव्या लिफ्टच्या दारासमोर एक स्ट्रेचर आधीच आणून ठेवलेले होते. त्यावरच्या माणसाचे डोळे मिटलेले होते आणि त्याची मुलगी सलाइनची बाटली उंच धरून उभी होती. “उघडतीय ना आता?” तिने अंगावरून जाणाऱ्या या अनोळखी बाईला विचारले. ही तशीच जिना चढू लागली.

गच्चीखालच्या यंत्रखोलीत ग्रीसचा वास आणि मोटरची ऊब कोंडली होती. दीर चिंधीला हात पुसत होता. शेजारी एक जाडजूड निरीक्षक ब्रेकच्या झाकणाच्या तारेवर चिमट्याने शिशाचे सील दाबत होता.

“वहिनी?” दिराचा चेहरा उतरला. “घरी सगळं ठीक ना? आई...”

“घरी ठीक आहे. फट किती ठेवलीत?”

“कागदावर आहे तेवढी. सुमारे...”

“आकडा सांगा, भावजी.”

त्याने निरीक्षकाकडे चोरटी नजर टाकली. “पॉइंट सहाच्या आत.”

तिने सांगायचे ते भराभर सांगितले. निरीक्षकाने ते मान कलती करून ऐकून घेतले आणि चिमटा पिशवीत ठेवला.

“बाई, चाचणी झाली. पूर्ण भार घालून झाली. डबा मजल्याला केसभरही चुकला नाही. सील ठोकलंय.”

“आज चुकणार नाही. काही महिन्यांनी चुकेल.”

“असेल. पण कागद काय म्हणतो? सुमारे. यांनी ठेवलेली फट त्यात बसते. तुमच्या तोंडी सांगण्यावर मी सील तोडलं, तर उद्या दुसरा कोणी धावत येऊन म्हणेल फट वाढवा. त्याचंही ऐकायचं?”

त्याच्या जागी असती तर तीही अक्षरशः हेच बोलली असती.

“नवा कागद आणा, लगेच तोडतो,” निरीक्षक म्हणाला. “मजल्यामजल्यावरची दारं तपासत मी खाली जातोय. तळाला पोहोचलो की लिफ्टची किल्ली रुग्णालयाच्या व्यवस्थापकांच्या हातात. त्यांनी तर रुग्णसुद्धा आणून ठेवलाय.”

तो गेल्यावर दिराने चिंधी पेटीवर आपटली. “वहिनी, त्या कागदावर ब्रेकच्या रकान्यात सही कोणाची असते, ठाऊक आहे ना? साहेबाची नाही, तुमच्या लांब्याची नाही. माझी.”

“ठाऊक आहे म्हणूनच आले.”

तिने लांब्याला फोन लावला.

“अडवलं,” तो म्हणाला. “मेलेला कोड, म्हणते. दोनदा पाठवलं. मॅडम, दुसरा एखादा शब्द घालून सरकवू का? म्हणजे ‘साधारण’ वगैरे...”

“एक शब्द जास्तीचा घातलास तर याद राख!”

खाली कुठेतरी लिफ्टचे दार सरकले, आपटले, पुन्हा सरकले. निरीक्षक सर्वांत वरच्या मजल्यावर होता.

“माझ्या मशीनवर बस,” ती म्हणाली, आणि आपला पासवर्ड तिने दिरासमोर मोठ्याने सांगितला. जिने कपाटाची किल्लीसुद्धा कधी कोणाच्या हातात दिली नव्हती, तिच्या तोंडून तो ऐकून दीर चिंधी शोधण्याचे निमित्त करून वळला. “दुरुस्ती उघड. चिन्हानंतर आकडा, आणि आकड्यानंतर मि.मी., किलो, सेकंद असं एकक आलं, तर तो कोड नाही, माणसाचं वाक्य आहे, सोडून द्यायचं. दिसलं?”

“दिसलं. पण मूळ ओळीतला कंसही मी पुढे परत घातलाय. ‘कमी-जास्त नाही’ असं.”

“एककानंतरचा कंसही सोड. एवढीच ओळ वाढव. आणि नमुन्यांवर चालवून बघ.”

नमुने म्हणजे तिने जमवलेला ढीग होता: खरी वाक्ये एकीकडे, मेलेला कोड दुसरीकडे. कोणतीही दुरुस्ती त्या दोन्ही ढिगांतून निर्मळ निघाल्याखेरीज तिने आजवर गाळणीत घातली नव्हती. कळा दाबल्याचा आवाज फोनमधून येत राहिला. खालच्या मजल्यावरचे दार सरकले. आपटले.

“खरी वाक्यं सगळी सुटली,” लांब्या म्हणाला. “पण मॅडम... मेलेल्यांतलेही तीन नमुने सुटतायत.”

“कोणते?”

“एककवाले. पूर्वी कोणीतरी मापं कोडमध्येच लिहायचा ना, ते.”

तिने डोळे मिटले. ते तीन बाजूला काढता आले असते. त्याला अर्धा दिवस लागला असता, आणि अर्ध्या दिवसाचे काम अर्धा दिवस घेतेच, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक होते? साहेबांनी ग्राहकांना शून्याचा शब्द दिलेला होता. तो शून्य तिच्या गाळणीच्या भरवशावर दिला होता, आणि खरे सांगायचे तर तिलाही त्याचा अभिमान होता. आणखी एक दार. आवाज आता पुष्कळ खालून आला.

“सुटू देत,” ती म्हणाली.

“काय?”

“ते तीन सुटू देत. मेलेला कोड पडून राहील, कोणाचा पाय कापणार नाही. खरं वाक्य अडता कामा नये. चढव.”

“साहेबांना विचारू का एकदा?”

“विचारलंस तर ते विचार करत बसतील. चढव, माझ्या नावावर.”

दीर तिच्याकडे पाहत होता. या बाईने वाण्याच्या पावतीवरची चूक दाखवायला भर उन्हात परत फेरी मारलेली त्याने पाहिली होती.

“गेलं,” लांब्या म्हणाला. “गाळणीनं घेतलं. कागद तयार होतोय... थांबा... आला. पाठवतो.”

दीर तिचा फोन घेऊन जिन्यावरून धावत सुटला, दोन-दोन पायऱ्या एका ढांगेत. तीही एकेक पायरी उतरत मागोमाग निघाली. ती तळाशी पोहोचली तेव्हा निरीक्षक दिराने दिलेल्या फोनवरचा कागद नाकाजवळ धरून वाचत होता, आणि व्यवस्थापक हात पुढे करून किल्लीची वाट पाहत होता.

“फट, बरोबरचं चिन्ह, शून्य पॉइंट चार मि.मी.,” निरीक्षक एकेक शब्द वाचत होता. “कंसात, कमी-जास्त नाही.” त्याने मान वर केली. “हे वाक्य सकाळी का नव्हतं?”

“माझ्या प्रोग्रामनं अडवून ठेवलं होतं,” ती म्हणाली.

निरीक्षकाने किल्ली खिशात टाकली. व्यवस्थापक काही बोलू लागला, पण निरीक्षक जिन्याकडे वळलाही होता. स्ट्रेचर जुन्या उतारावरून न्यावे लागले. दोघे कर्मचारी ते ढकलत निघाले आणि मुलगी बाटली धरून वळून वळून या मंडळींकडे पाहत राहिली.

वर सील तुटले. दिराने फट मोजायची पोलादी पाती पंख्यासारखी उलगडली, एक पाते फटीत सरकवले, मग जरा जाड, मग आणखी जाड. त्याने नट आवळायला घेतले. पुन्हा भार, पुन्हा चाचणी. डबा आला आणि मजल्याला लागला, अगदी पहिल्यासारखाच.

“फरक काय पडला, बाई?” निरीक्षकाने विचारले. “मला तरी दोन्ही वेळा सारखंच दिसलं.”

“मलाही,” ती म्हणाली. ते खरेच होते.

नवे सील दाबून निरीक्षक निघून गेला. दीर हत्यारे पेटीत मांडत बसला. प्रत्येक पाना तो पुसत होता, आधीच पुसलेलाही.

“वहिनी, हे सुमारे कागदावर कधीपासून येतंय?”

“वर्ष होत आलं असेल.”

त्याने बोटे मोजायला सुरुवात केली. नदीकाठची उंच इमारत. शाळा. डोळ्यांचा दवाखाना. कपड्यांच्या गोदामाची मालाची लिफ्ट. एका हाताची बोटे संपली तेव्हा तो दुसऱ्या हाताकडे नुसता पाहत राहिला.

फोन वाजला. साहेब होते.

“गाळणीला भोक पाडलंत! मला न विचारता! ग्राहकांना काय तोंड दाखवू?”

“चुकलं असेल, साहेब. पण त्याहून वाईट सांगायचंय. वर्षभरात बसवलेल्या लिफ्टा आज बंद ठेवायला हव्यात.”

“कशाच्या आधारावर? एक अपघात नाही, एक तक्रार नाही!”

“तक्रार नाही, हा आधार मी सकाळीच तपासला.”

साहेब म्हणाले, “पत्रं काढायला लावतो. पण वरच्यांची सही लागेल. दोन-तीन दिवस धरा.”

तिने फोन खाली घेतला. दिराने तिचा चेहरा वाचला. “आपण बसवलेली लिफ्ट बंद करायला फिटरला कोणाची सही लागत नाही,” तो पेटी उचलत म्हणाला. “चालू करायला लागते. पाट्या आहेत पेटीत. येताय?”

नदीकाठच्या इमारतीतली लिफ्ट सर्वांत आधी बसवलेली होती, म्हणून पट्ट्या तिथल्याच जास्त झिजलेल्या असणार. दिराने तळमजल्यावर लिफ्ट बंद केली, ‘बंद’ची पाटी अडकवली आणि तो वर यंत्रखोलीकडे गेला. तेवढ्यात दोन्ही हातांत पिशव्या घेतलेल्या एक मावशी दारात येऊन थबकल्या.

“अगं बाई, चालती लिफ्ट का बंद केलीत? सकाळी तर मी हिच्यातूनच उतरले.”

“तपासायची आहे, मावशी.”

“तपासायला आमचीच वेळ सापडली? पाचवा मजला आहे माझा. तुम्हाला काय, पाटी लावायची आणि निघून जायचं.”

“द्या त्या पिशव्या इकडे,” ती म्हणाली.

मावशींनी पिशव्या दिल्या, बोलणे मात्र सोडले नाही. पहिल्या मजल्यावर कंपन्यांचा उद्धार झाला, दुसऱ्यावर सोसायटीच्या चेअरमनचा, तिसऱ्यावर पुरुषजातीचा. ती ऐकत होती आणि ऐकत नव्हती. चौथ्या मजल्याच्या वळणावर जिन्याच्या पोकळीतून दिराचा आवाज आला. घरात कधीही इतक्या हळू न बोलणारा हा माणूस आता जेमतेम ऐकू येईल असा बोलत होता.

“वहिनी... सगळ्यात जाड पातं आत जातंय. आणि हलतंय.”

तिने पिशव्या पायरीवर टेकवल्या आणि कठडा धरला.

“काय झालं गं?” मावशींनी विचारले. “पांढरी पडलीस अगदी. बस जरा.”

“बसत नाही, मावशी. तुमच्या दारापर्यंत येते आणि निघते.” तिने पिशव्या पुन्हा उचलल्या आणि वर पाहून हाक दिली, “भावजी, तशीच बंद राहू दे. खाली या. शाळा सुटायच्या आत तिथं पोहोचायला हवं.”